हवालदार भाऊजींचा झिजणारा माल

भाऊजी,

तुमच्या लेकीने वर्तमानपत्रात तुमचा फोटो छापून आणला. खाली लिहिलंय, "कडक शिस्तीचे, नाकासमोर चालणारे, ज्यांनी आयुष्यात कधी नियम मोडला नाही." यातलं शेवटचं साफ खोटं आहे. तुम्ही एकदा नियम मोडलात, चांगला ढळढळीत, भर गेटवर, आणि मला तुमच्याबद्दल जे काही चांगलं वाटतं त्यातलं बरंचसं त्या एका गोष्टीमुळे. लेकीने ती गाळली, कारण ती लिहायची तर बापाच्या फोटोखाली "कंडोम" हा शब्द येतो. मला चालतो. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. बेडकाला चालतं ते माणसाला का चालू नये हे मला कधी समजलेलं नाही.

तर सुरुवातीपासून सांगते, कारण वाचणारे सगळेच काही आपल्या जिन्यावर राहिलेले नाहीत.

तुम्ही लष्कराच्या रिक्रूट सेंटरच्या स्टोअरचे हवालदार. नव्या पोराच्या अंगावर जे चढायचं आणि पेटीत जे जायचं ते सगळं तुमच्या खिडकीतून: बूट, मोजे, घोंगडी, ताटली, बादली, बुटाचा ब्रश. तुमचा नियम एकच होता. जुनं जमा करा, नवं घ्या. हा नियम तुम्ही स्टोअरला कुलूप लावून तिथेच ठेवून आला असतात तर आम्ही काही म्हटलं नसतं, पण तुम्ही तो घरी आणलात. धाकटीने, म्हणजे तुमच्या बायकोने, नवी केरसुणी मागितली की तुम्ही विचारायचात, जुनी कुठे आहे. आमच्याकडे जेवून उठलात की हात धुवायच्या आधी चमचे मोजायचात. चमचे आमचे, जेवण आमचं, आणि हिशेब तुमचा. तुमच्या दादांची, म्हणजे आमच्या ह्यांची, कवळी तुटली तेव्हा तुम्ही त्यांच्यासोबत दंतवैद्याकडे गेलात आणि त्या बिचाऱ्याला विचारलंत, "जुनी जमा करून घेतलीत का?"

या सगळ्याचं फळ मिळायची वेळ जवळ आली होती. तुमच्या स्टोअरमध्ये कधी एक मोजासुद्धा कमी भरला नव्हता. निवृत्तीच्या आधीची शेवटची तपासणी तशीच स्वच्छ गेली की सुभेदाराची पट्टी मिळणार, हे मोठ्या साहेबांनी तुम्हाला जवळजवळ शब्द दिल्यासारखं सांगितलं होतं. तुम्ही वरवर म्हणायचात, "आपल्याला काय, असलं काय नि नसलं काय." पण धाकटीने दारावरची पाटी रंगवणाऱ्याशी बोलणी करून ठेवली होती, आणि "सुभेदार" हा शब्द कोणत्या रंगात उठून दिसेल यावर तुम्ही दोघं आठवडाभर भांडलात, हे मला जिन्यात ऐकू येत होतं.

नेमकी त्याच वर्षी सेंटरला नवी डॉक्टरीण आली. माझी जुनी विद्यार्थिनी, बेडूक कापताना कधी हात न थरथरलेली. तिने आल्याआल्या मागची तुकडी तपासली, नेमणुकीवर जायच्या आधी, आणि काही पोरांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. मिसरूडही नीट न फुटलेली पोरं. तेव्हा आजच्यासारखी औषधं हाताशी नव्हती. आज रोज गोळी घेऊन माणूस म्हातारा होतो, नातवंडांवर खेकसतो. तेव्हा ती बातमी म्हणजे नोकरी गेली, घराने दार लावलं, आणि पुढचं कुणी बोलायचं नाही. डॉक्टरीण हट्टाने मोठ्या साहेबांपुढे उभी राहिली आणि कंडोमची खोकी मागवून घेतली. साहेब म्हणाले, ठीक आहे, स्टोअरमधून वाटा. आणि कसं वापरायचं तेही स्टोअरच्या हवालदारानेच शिकवावं, पोरं त्याचं ऐकतात.

त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"वहिनी, जरा विचारायचं होतं. दादा नाहीत ना?"

दादा समोरच बसले होते. त्यांनी पेपर नाकापर्यंत वर घेतला.

"विचारा," मी म्हटलं.

"तो रबरी माल आलाय."

"बूट?"

"बूट नाही."

"रेनकोट?"

तुम्ही काखेतलं पुडकं चाचपलंत. "जवळपास."

दादा उठले आणि झाडांना पाणी घालतो म्हणून गॅलरीत गेले. गॅलरीत एक तुळस आणि एक वाळलेलं रोप. त्या दोघांना पाणी घालायला त्या दिवशी त्यांना दोन चहा होतील इतका वेळ लागला.

वर्तमानपत्रातून तंबूची लाकडी खुंटी निघाली. स्टोअरमधून आणलेली, स्वतःच्याच नावावर, स्वतःच सही करून. मी तुम्हाला सगळं नीट दाखवलं. तुमचे कान तांबडे झाले, पण नजर हलली नाही. माल समोर असला की तुम्ही माल बघायचात. मग मला म्हणालात, "वहिनी, हे असं बोलून पोरांच्या डोक्यात शिरायचं नाही. कवायत पाहिजे." आणि तिथेच, माझ्या ओट्याला टेकून, तुम्ही ती आकड्यांवर बसवलीत. एक म्हटलं की तारीख बघून पाकीट कडेने फाडायचं, दातांनी नाही. दोन म्हटलं की टोक चिमटीत धरून हवा काढायची. तीनला पार खालपर्यंत उलगडायचं. चारला कड धरून सावकाश माघार. पाच, गाठ, कागद, कचरा.

"आणि तीन आणि चारच्या मध्ये?" मी विचारलं.

"त्याला आकडा नाही, वहिनी," तुम्ही म्हणालात. "तिथे विश्राम."

गॅलरीतून दादांना ठसका लागल्याचा आवाज आला.

तुमचा वर्ग गाजला. रायफल उघडून जोडायला शिकवतात तसं तुम्ही पोरांना डोळ्यांवर रुमाल बांधून ही कवायत करायला लावलीत. डॉक्टरीण मला येऊन सांगत होती, "मॅडम, अख्खी तुकडी एका ठेक्यात. खुंट्यांची रांग बघून मला हसूही येत होतं आणि रडूही." मग प्रत्येक पोराला खिडकीतून पाकिटं दिली गेली, सही घेऊन. सगळे खूश.

पहिल्या सुट्टीच्या रविवारी पोरं बाहेर पडली. इतके महिने कोंडलेली, खिशात पहिला पगार, आणि तुकडीत एकजण तरी असा असतोच की जो बाकीच्यांना म्हणतो, येतोस की आईला विचारून येतोस. बसथांब्यामागच्या गल्लीत कुठल्या दाराशी काय मिळतं हे त्यांना सेंटरच्या नकाशापेक्षा आधी पाठ होतं. संध्याकाळी पोरं परतली, आणि तुम्ही आमच्याकडे पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून आलात.

"दादा, ही तुकडी काही वेगळीच आहे. सुट्टीवरून आली, बूटसुद्धा काढले नाहीत, सरळ मैदानात जाऊन धावायला लागली. कुणी सांगितलं नाही, काही नाही. आपापली. असा उत्साह मी कधी बघितला नाही."

"वा," तुमचे दादा म्हणाले.

पुढच्या सुट्टीला तेच. तुम्ही जाऊन मोठ्या साहेबांना कौतुकाने सांगितलंत. तोवर डॉक्टरणीच्या दवाखान्यापुढे मात्र रांग लागायला लागली होती. कुणाला जळजळ, कुणाला फोड, कुणी नुसताच भिंतीला टेकून खाली बघतोय. डॉक्टरीण चक्रावली. माल वाटलाय, कवायत तोंडपाठ आहे, मग घोडं कुठे पेंड खातंय?

ती मला घेऊन बराकीत गेली, कारण म्हातारीपुढे पोरं खरं बोलतात असा तिचा समज. म्हातारीपुढे पोरं मूग गिळून बसतात. मी विचारलं, वापरता का? सगळे छताकडे. मी विचारलं, मग संध्याकाळी धावता कशाला? एकाने हळूच सांगितलं, "घाम काढायला, आजी. घामावाटे निघून जातं म्हणतात. लगेच धावलं तर."

इतकी वर्षं वर्गात उभं राहून मी मूर्खपणाचे पुष्कळ प्रकार पाहिले, पण हा त्या पोरांनीच शोधून काढला असणार. दुसऱ्या कुणाला दर दुखण्यावर मैदानाला फेऱ्या मारणं सुचणार?

"अरे, पण पाकिटं दिली होती ना?" डॉक्टरीण म्हणाली. "ती कुठेत?"

मग एक उंच पोरगा पुढे आला. त्याला सगळे उंट म्हणत. तुमचा लाडका, पाय घोंगडीबाहेर येतात म्हणून तुम्ही सगळं स्टोअर उपसून त्याला लांब घोंगडी काढून दिली होतीत. त्याने आपली पेटी उघडली. वरच्या कप्प्यात, कंगवा आणि बुटाच्या पॉलिशच्या मध्ये, पाकिटं. एकावर एक, कडेला कड, धूळ पुसून.

"किटमध्ये आहेत, आजी."

मग बाकीच्यांनीही पेट्या उघडल्या. सगळीकडे तेच. एका शहाण्याने पाकिटाला इस्त्री केली होती, सुरकुती दिसू नये म्हणून. एकाचं पाकीट हरवलेलं, तर त्याच्यासाठी तपासून झालेल्या पेटीतलं पाकीट तुमच्या पाठीमागून हातोहात त्याच्या पेटीत धावायचं. कारण भाऊजी, तुम्ही ती पाकिटं किटमध्ये धरली होतीत. दर शनिवारी किटची तपासणी, आणि किटमधली वस्तू कमी भरली तर पाठीवर पिशवी घेऊन मैदानाला फेऱ्या. मग कोण शहाणा रविवारी ती खिशात घालून नेणार? पेटीला कुलूप, किल्ली कमरेला, आणि पोरगा गल्लीत रिकाम्या हाताने.

"वापरलं की हवालदारसाहेब नवं देतील की," डॉक्टरीण म्हणाली.

पोरं एकमेकांकडे बघून फिसकन हसली. तुम्ही नवं देत होतात, अर्थातच, जुनं जमा केल्यावर. एक आज्ञाधारक पोरगा खरोखरच वापरलेलं कागदात गुंडाळून तुमच्या खिडकीशी घेऊन आला होता, आणि तुम्ही चष्मा पुसून त्याला विचारलंत, "धुतलंय का?" त्यानंतर त्या खिडकीशी कुणी फिरकलं नव्हतं.

मी हसत होते. मग उंट म्हणाला, "आजी, मागच्या रविवारी मीही गेलो होतो. पाकीट पेटीतच होतं." त्याने पेटीचं झाकण लावलं. "हवालदारसाहेबांनी माझी पेटी सगळ्या रांगेला दाखवली होती. म्हणाले, सामान असं ठेवतात. शाबासकी दिली. मग ते फाडायचं कसं?"

डॉक्टरणीने त्याचं रक्त तपासलं. काही निघालं नाही. पण तिने त्याला स्पष्ट सांगितलं, जंतू शिरला असला तरी तपासणीत लगेच दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागेल, तोवर खरं कळायचं नाही. पोरगा मान हलवत राहिला.

मी तडक तुमच्या घरी आले. तुम्ही बाहेर बसून बुटांना पॉलिश करत होतात.

"भाऊजी, पोरं पाकिटं वापरत नाहीत. सांभाळतात."

"मग सांभाळायलाच पाहिजेत. सरकारी माल आहे."

मी सगळं सांगितलं. घामाचं सांगितलं, इस्त्रीचं सांगितलं. उंटाचं सांगितलं तेव्हा तुमच्या हातातला ब्रश थांबला. पण तोंडातून निघालं तेच. "वहिनी, स्टोअरमधून गेलेली वस्तू एकतर परत येते नाहीतर तिचा हिशेब येतो. शर्ट दिला तर शर्ट दाखवायचा असतो."

"साबण देता तो परत मागता?"

"साबण झिजतो."

"पॉलिश?"

"तेही झिजतं. झिजणारा माल वेगळा धरतात."

"मग हे झिजलं असं धरा."

तुम्ही चकचकीत बुटाला पुन्हा पॉलिश लावलंत. मग म्हणालात, "त्याला मोठ्या साहेबांची सही लागते."

दुसऱ्या दिवशी तुम्ही सही मागायला गेलात. मोठे साहेब म्हणाले, तपासणी तोंडावर आली आहे, आत्ता मालाच्या वर्गवारीला हात लावू नका, तपासणीनंतर बघू. तपासणीच्या आधी सुट्टीचे रविवार होतेच. त्या रात्री तुम्ही आमच्याकडे जेवलात आणि चमचे न मोजता उठलात. धाकटी मला बाजूला घेऊन म्हणाली, "जाऊबाई, यांना डॉक्टरकडे न्यायचं का?"

रविवारी सकाळी तुम्ही गेटवर जाऊन उभे राहिलात. शेजारी आग विझवायची तांबडी बादली, वाळू काढून धुतलेली, आणि तीत काठोकाठ पाकिटं. सही नाही, नाव नाही, जुनं जमा नाही. पोरांना लाजायला होऊ नये म्हणून तुम्ही तोंड झेंड्याच्या खांबाकडे फिरवून सावधान उभे. पहिली काही पोरं तशीच निघून गेली. त्यांना वाटलं, हा नवीन सापळा. तेव्हा तुम्ही खांबाकडेच बघत मोठ्याने म्हणालात, "यातलं जो परत आणेल त्याला फेऱ्या." मग हात बुडायला लागले. डॉक्टरीण बाजूला उभी होती. ती सांगते, पोरगा पुढे गेला की तुमचे ओठ हलायचे. मोजू नका म्हटलं होतं तरी मोजत होतात.

मग तपासणीचे साहेब आले. ते बाहेरचे, तुम्हाला ओळखणारे नाहीत. मोजे बरोबर, घोंगड्या बरोबर, तंबूची खुंटीसुद्धा जमा झालेली. मग ती खोकी.

"हवालदार, हा माल कमी आहे."

"हो साहेब."

"कुठे गेला?"

"झिजला, साहेब."

"कुठे झिजला?"

"बाहेर, साहेब."

"सह्या कुठेत?"

"सही मागितली की पोरं घेत नाहीत, साहेब."

"मग त्यांनी फुगे करून उडवले नाहीत कशावरून?"

तुम्ही खोटं बोलू शकत नव्हतात, हीच तर पंचाईत. "काही उडवले असतील, साहेब. उरलेले कामाला आले असतील."

डॉक्टरणीने मध्ये पडून सांगितलं की दवाखान्याची रांग आटली आहे. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, अगदी सभ्यपणे, आणि शेरा मारला: मालाबाबत निष्काळजी. तुम्ही. निष्काळजी. पट्टी तिथेच गेली. मोठे साहेब पुढे पाकिटं झिजणाऱ्या मालात टाकायची सही करून मोकळे झाले, पण तोवर तुमचा शेरा वाळून पक्का झाला होता. धाकटी माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "तुमच्या शिकवणीने माझ्या दारावरची पाटी गेली, जाऊबाई." तिचं चूक नव्हतं. पाटी गेलीच होती. तुम्ही मात्र त्यावर चकार शब्द काढला नाहीत, ना माझ्यापुढे, ना दादांपुढे. फक्त तो पाटी रंगवणारा रस्त्यात दिसला की समोरच्या फुटपाथवर जायचात.

उंटाची दुसरी तपासणी तुमच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात झाली. तो तुमच्या स्टोअरमध्ये घोंगड्यांच्या ढिगावर बसून राहिला होता आणि तुम्ही त्याला उठ म्हणाला नव्हतात, घोंगड्यांची घडी मोडत होती तरी. डॉक्टरीण दारातूनच म्हणाली, "काही नाही. स्वच्छ." पोरगा रडायला लागला. त्याला काय द्यावं ते तुम्हाला कळेना. म्हणून तुम्ही फळीवरून मोज्यांचा एक नवा जोड काढून त्याच्या हातात कोंबलात, आणि जुना मागितला नाहीत.

निवृत्त झाल्यावर तुम्ही आमच्या घरात पिसाळल्यासारखे फिरायला लागलात. माझ्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्यात. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "भाऊजी, माझ्या जुन्या कॉलेजच्या वसतिगृहात पोरांची काही वेगळी अवस्था नाही. फक्त ती इंग्रजीत घाबरतात. चला, प्राचार्यांना भेटू. तुमची कवायत तिथे लावू."

तुम्ही उरलेल्या बरण्या लावल्यात. दोन दिवसांनी विचारलंत, "सुभेदार असतो तर गोष्ट वेगळी. साध्या हवालदाराला प्राचार्य खुर्ची देतील का?"

"मी तिथे शिकवत होते तेव्हा मला तरी कुठे कुणी दिली? ओढून घ्यायची असते."

"मग तुम्ही आधी बोला. मी मागे उभा राहतो."

"मागे उभं राहायला मी काय पोराला शाळेत घालायला चालले आहे?"

शेवटी बुधवारी सकाळी निघायचं ठरलं. तुम्ही कोट धुवायला टाकलात. त्या बुधवारी माझा गुडघा धरला. पुढच्या बुधवारी प्राचार्य कुठल्याशा परिषदेला. त्याच्या पुढे तुमचा खोकला. मग म्हणालात, थंडी जाऊ दे. थंडी गेली, परीक्षा आल्या. परीक्षेत कोण असल्या गोष्टी ऐकणार, हे मीच म्हटलं. सुट्ट्या लागल्या, वसतिगृह रिकामं झालं. अशी वर्षांमागून वर्षं गेली, आणि दर वेळी आपण नवा बुधवार धरायचो. या जूनमधला पहिला बुधवार धरला होता, आणि तुम्ही मेच्या शेवटी गेलात. प्राचार्यही बदललेत म्हणे. नव्यांना मी अजून भेटलेली नाही.